मामांच्या वाट्याचं धोंडस

मागल्या आठवड्यात माझी नात मनू मुंबईवरून आली ती डब्यातनं एक गोल पदार्थ घेऊन आली. वरनं खारीसारखं खुसखुशीत, आत सफरचंदाचा गोड शिजवलेला गर. त्याला पाय म्हणतात म्हणाली. मी म्हणलं, बाय गो, या घरात दोन पाय आधीच कुरकुरतात, हा तिसरा कशाला आणलास. खाल्ला अर्धा सगळ्यांनी मिळून, अर्धा उरला. मनू निघाली महाडला मैत्रिणीकडं, जाताना सांगून गेली, "आबा, उद्या पप्पा येणार, त्यांना थोडा ठेव. थंड नको देऊस, तव्यावर झाकण ठेवून गरम कर." दुसऱ्या दिवशी मी तवा ठेवला, मंद जाळावर पाय गरम केला, घरभर वास सुटला आणि पप्पा काय आले नाय. फोन आला, सुट्टी नाय मिळाली, उद्या येतो, ठेवा. परत फ्रीजमदी. तिसऱ्या दिवशी परत गरम केला. परत फोन. मंग माझं डोकं फिरलं. उभ्या उभ्या ओट्याशी सगळा खाल्ला, पोटात जागा नसताना खाल्ला, ताटली अशी आपटली की तिचा टवका उडाला. मनू आल्यावर म्हणते, "आबा, एवढं काय त्यात? एक पाय तर होता."

एवढं काय त्यात, ते सांगतो. मी बोलतोय आणि ती फोनात धरतेय, मागनं ती लिहून काढणार हाय. मला लिहिता येत नाय. शाळेत मी गेलो होतो, नाय असं नाय. गुरुजींनी पहिल्या दिवशी विचारलं, तुमच्यात शेळ्या किती? मी म्हणलं, सकाळच्या का संध्याकाळच्या? कारण वाघरू एखादी न्यायचं. गुरुजींना वाटलं मी थट्टा करतो. त्यांनी मारलं, मी हसलो. माझं तोंडच तसलं हाय, राग आला, रडू आलं, दुखलं, काय बी झालं तरी ते हसल्यासारखं दिसतं. वरचे दात पुढं आणि डोळे बारीक. गुरुजींनी आणखी मारलं. मी आणखी हसल्यासारखा दिसलो. तिथंच माझं शिक्षण संपलं. मंग शेळ्यांमागं गेलो, आणि शिमग्यात नमनाच्या खेळात बाईचं सोंग घ्यायला लागलो, कारण आवाज माझा फाटका, कधी वर जाईल कधी खाली त्याचा नेम नाय. अख्ख्या वाडीला मी सद्या सोंगाड्या म्हणूनच माहीत.

आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पाठीवर. खालच्या सडकेवरनं चढून यायला दमछाक होते, म्हणून आमच्याकडं येणारा माणूस आधी घाम पुसतो आणि मंग राम राम करतो. घर म्हंजे पुढं पडवी, मधी माजघर, मागं चूल आणि चुलीला लागूनच गोठा. मधे कुडाची भिंत. त्यामुळं आमी जेवताना म्हशीचा रवंथ ऐकायचो आणि म्हैस आमची भांडणं ऐकायची. बा पडवीत बसायचा. कमी बोलायचा, पण जे बोलला ते बोलला. त्याच्या त्या शब्दाचा वाडीत लय मान होता. मला त्या मानाचा आता राग येतो, पण तवा मला वाटायचं की बा म्हंजे देवळातला खांब. आय त्याच्याहूनबी कमी बोलायची. ती बोलायची भांड्यातनं. टोप जोरात ठेवला तर चिडली, हळू ठेवला तर थकली, एवढं आमाला कळायचं.

आणि आक्का. वत्सला नाव, माझ्याहून मोठी. उंच, काळीसावळी, हात लाकूड फोडणाऱ्या गड्यासारखे आणि जीभ कोयत्यासारखी. मला लहानपणी तिनंच वाढवलं म्हणायला हरकत नाय, म्हंजे मारलं तिनंच. तिला बघायला तीन जागची माणसं येऊन गेली होती. एकांनी उंची जास्त म्हणून सोडली, एकांनी रंग म्हणून, एकांचं कारणच कळलं नाय, ते चहा पिऊन गेले ते गेलेच. तिच्या बरोबरीच्या पोरी बाळंतपणाला माहेरी येऊन परत गेल्या. वाडीतल्या बाया पाण्यावर बोलायच्या. बा रात्री कूस बदलायचा. अशात लक्ष्मणदादानं, म्हंजे आमच्या लांबच्या नात्यातल्या एका माणसानं, वरंधच्या बाजूचं एक स्थळ आणलं. पोरगा मुंबईला कंपनीत. बाप नाय. मामानं वाढवला, मामाच मुंबईत, मामाचीच खोली, मामा म्हणेल ती पूर्व. म्हंजे पोरगा हो म्हणून उपयोग नाय, त्याची आय हो म्हणून उपयोग नाय, मामा हो म्हणायला पायजे. बा म्हणला, "हे जमलं तर जमलं. नायतर पोर घरात राहिली." आक्काच्या समोर म्हणला. ती तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली नाय.

मे महिना होता. बरक्या फणसाचे दिवस. कापा फणस खायचा, आणि बरका, तो लिबलिबीत गरा, तो फणस धोंडसाचा. आक्काच्या हातच्या धोंडसासाठी माणसं डोंगर चढून यायची, हे मी भाऊ म्हणून सांगत नाय. गरे चाळणीवर घासून रस काढायचा, कोपरापर्यंत हात चिकट. तांदळाच्या कण्या तुपावर भाजायच्या, त्या तडतडायला लागल्या की वास असा यायचा की गोठ्यातली म्हैस पण रवंथ थांबवायची. त्यात रस, गूळ, खोबरं, जरासं मीठ. मंग पितळी टोपाला आतनं केळीचं पान लावायचं, त्यात हे ओतायचं, वरनं परत पान, वर झाकण, आणि झाकणावर निखारे. खाली मंद जाळ, वर निखारे, मधी धोंडस. वरनं लाल कवच धरतं, आत लोण्यासारखं राहतं. टोप उलटा केला की पानासकट चाकासारखं बाहेर येतं. कापलं की वाफ. मनूचा तो पाय चांगला होता, मी नाव ठेवत नाय, पण त्या वाफेला जे होतं ते त्यात नव्हतं.

पाव्हणे आले त्या दिवशी बानं मला गोठ्यात बसवलं. "तुला बगितलं तर पोरगी बगायच्या आधी उठतील," म्हणला. मी म्हणलं, बा, म्हैस चालते आणि मी नाय? म्हणला, "म्हैस गप्प राहते." म्हणून मी कुडाच्या फटीतनं सगळं बगितलं. पोरगा होता, त्याची आय होती आणि लक्ष्मणदादा. पोरगा बरा होता. घाबरट, रुमालानं सारखं मान पुसणारा, पण बरा. आक्का आली, बसली, नाव सांगितलं, उठली. धोंडस आलं. पोराच्या आयनं एक तुकडा तोंडात टाकला आणि तिचे डोळे मिटले. बाईनं दोनदा मागून घेतलं. मंग अर्धं राहिलेलं बघून म्हणाली, "हे ठेवा गो बाय. माझ्या भावाला जीव हाय धोंडसाचा. त्यो गावाला आलाय, उद्या येतोच पोरीला बगायला. त्याला वाढा, मंग पुढचं बोलू." हसत हसत म्हणाली. मी फटीतनं बगितलं, बाईनं हे म्हणताना हात पण धुवायला घेतले होते. सहज बोलली बाई. असं आपण सगळेच बोलतो.

पण बानं ते सहज घेतलं नाय. आता आमच्या वाडीची एक रीत सांगायला पायजे, नायतर बा येडा होता असं वाटेल. आमच्यात घरटी एक माणूस मुंबईला. त्यामुळं घरात गोडधोड झालं की नसलेल्या माणसाचा वाटा काढून ठेवायचा. एकदा वाटा म्हणून काढला की तो त्याचा. तो त्यालाच द्यायचा, दुसऱ्यानं तोंड लावायचं नाय, आणि तो माणूस येऊन खाईपर्यंत त्या घरात दुसरं गोड चुलीवर चढवायचं नाय. असं केलं तर त्या माणसाला परक्या गावात अन्न मिळत नाय म्हणायचे. लाडू, चिवडा, असल्या टिकणाऱ्या जिनसांना ठीक हाय. पण मे महिन्यात, बरक्या फणसाचं धोंडस! सकाळी केलेलं संध्याकाळी आंबायला लागतं. आक्का म्हणाली, "बा, मामा येतील तवा मी ताजं करते. फणस हायत अजून झाडाला." बा म्हणला, "पाव्हणीनं यातलं ठेवायला सांगलान. वाटा निघाला. आता दुसरं चढवायचं नाय." आक्का म्हणाली, "बा, ती रीत घरच्या माणसाला. हा मामा आपला कोण?" बा म्हणला, "व्हईल ना आपला. तेवढ्यासाठीच."

मंग त्या अर्ध्या धोंडसाचा राखणदार कोण? मी. कारण आक्काला नवरी म्हणून बसायचं होतं, आयला रांधायचं होतं, बाला वाट बघायची होती. बा म्हणला, "सद्या, सकाळ संध्याकाळ तापवायचं. आंबता कामा नये, करपता कामा नये." जन्मात पहिल्यांदा मला कोणी जबाबदारी दिली होती. मी छाती काढली. मुंग्या लागू नये म्हणून टोप पाण्याच्या परातीत ठेवला, मांजर लागू नये म्हणून वर पाटा ठेवला. पाटा ठेवल्यावर धोंडस बसलं, ते वेगळं. सकाळी चुलीतनं निखारे काढायचे, पाण्याचा हबका मारायचा, कडेनं तूप सोडायचं, नवीन पान लावायचं, झाकणावर निखारे. चिमट्यानं निखारा धरताना मी माझी चड्डी दोन ठिकाणी जाळली. पुढनं एक, मागनं एक. वाडीत म्हणायला लागले, सद्या आता हवेशीर झालाय.

दुसरा दिवस गेला, मामा आले नाय. त्याच्या पुढचा गेला, नाय. बा सकाळी धुतलेली टोपी घालून पडवीत बसायचा, खाली सडकेवर गाडी वाजली की उठायचा, गाडी पुढं गेली की बसायचा. कुत्रं भुंकलं की आय आक्काच्या केसात गजरा खोचायची आणि कुत्रं गप्प झालं की आक्का तो काढून पाण्यात टाकायची. आयचं हिरवं पातळ रोज नेसायचं, रोज सोडायचं. कामाला हात लावायचा नाय, मळतील म्हणून. मी तापवत बसलेलो आणि ती माझ्यासमोर उंबऱ्यावर.

"सद्या, जाळ कमी कर. कोळसा करशील."

"आक्का, परवा हे अर्धा चांद होतं. आज कोर झालीय. आणखी दोन दिवसांनी मामांना ग्रहण दाखवायला लागेल."

ती हसली. मंग म्हणाली, "तुझं बरं हाय रे. तुला एकच तापवायचं हाय. आयला मला पण रोज तयार करायला लागतं."

मी हसलो. मला ते त्या दिवशी चांगलं वाटलं, नमनात वापरीन म्हणलं. असा मी मूर्ख.

शेजारची काकी रोज कुडावरनं तोंड काढायची. "आले काय गो तुमचे मामा?" नाय काकी. "वास तर रोज येतो गो. मला वाटलं रोज येतात." आय टोप जोरात ठेवायची. काकी जायची. धोंडसाचा रंग रोज बदलत होता. पहिल्या दिवशी मधासारखा, मंग गुळासारखा, मंग कातासारखा. खालचं करपलेलं मी सुरीनं खरवडायचो, कडा कडक झाल्या त्या कापायचो. कापलेलं पण खायचं नाय, वाट्यातलं. ते म्हशीला. म्हशीनं पहिल्या दिवशी खाल्लं, दुसऱ्या दिवशी हुंगलं, मंग तोंड फिरवलं. मी बाला जाऊन सांगितलं, "बा, आता म्हैस पण खात नाय." बा म्हणला, "मामा काय म्हैस हायत?" माझ्या मनात एक उत्तर होतं, पण तवा मी बाला भ्यायचो.

मला राग कशाचा येतो सांगू? मामा आला नाय याचा नाय. माणसाला उशीर होतो. राग याचा येतो की त्या सगळ्या दिवसांत एक निरोप पाठवावा असं मामा, पोरगा, त्याची आय, त्या तिघांतल्या एकाच्याबी मनात आलं नाय. वरंध काय परदेशात नाय. खालनं रोज गाड्या जातात, कोणाकडंबी सांगितलं असतं तर पोचलं असतं. पण पोरीकडच्या घराला निरोप कशाला द्यायचा? ते असतातच. ते कुठं जाणार? चुलीजवळ बसलेलेच असणार. हे त्यांना ठाऊक होतं आणि आमी ते खरं करून दाखवत होतो, रोज, निखारे घालून.

मंग एका दुपारी कुत्रं भुंकलं आणि भुंकतच राहिलं. मामा आले. मामा, पोरगा आणि लक्ष्मणदादा. मामा जाड, पांढरी पँट, गळ्यात टॉवेल, चढून आल्यानं लालबुंद. पडवीत बसले, पाणी प्याले, आणि बानं अजून काय विचारलं नव्हतं तर ते पोरगंच बोलून गेलं. भाबडं होतं बिचारं. म्हणलं, "उशीर झाला, मामांचे गुडघे दुखतात ना, म्हणून सवला गरम पाण्याच्या कुंडात बसायला गेलेलो. एक दिवस जायचं ठरलेलं, पण मामांना लय बरं वाटलं म्हणून राहिलो. आणि महाडला पण एक..." मामांनी त्याच्याकडं बगितलं. पोरगं रुमालानं मान पुसायला लागलं. महाडला पण एक काय, ते सगळ्यांना कळलं. म्हशीला पण कळलं असेल.

म्हंजे मी हिकडं चड्डी जाळत होतो, माझी बहीण रोज गजरा खोचत होती आणि काढत होती, बाप टोपी घालून गाड्या मोजत होता, आणि हा माणूस सवच्या गरम पाण्यात गुडघे बुडवून बसला होता. आणि मधीच उठून महाडला दुसरी पोरगी बघून आला होता. आज मी मामांच्या त्या वयाच्या पुढं गेलोय, माझे पण गुडघे दुखतात, सवला मी पण जातो. त्या पाण्यात उतरलो की गुडघे निवतात आणि डोकं तापतं. बाकी माणसं म्हणतात, आबा, पाण्यात बसून शिव्या कुणाला देता?

बा आत बघून म्हणला, "मामांच्या वाट्याचं आणा." आक्कानं ताट आणलं. त्या दिवशी मी गोठ्यात नव्हतो, चुलीपासून धोंडसामागं धावत दारात आलो होतो, चिमटा हातात. ताटात ती कोर होती. काळपट, चकचकीत, तुपानं भिजलेली, चपलेच्या टाचेसारखी. मामांनी तुकडा मोडायला बगितला, मोडेना. मंग अख्खीच उचलून चावली. आवाज आला. सगळ्यांनी ऐकला. मामांनी बोटानं तो तुकडा तोंडातनं काढला, ताटाच्या कडेला ठेवला आणि म्हणाले,

"हे काय? पेंड हाय काय गुरांची?"

बा म्हणला, "आपल्यासाठीच ठेवलेलं. आपल्या बहिणीनं..."

"अहो, शिळं घालता पाव्हण्याला? मुंबईला माझ्याकडं कंपनीतली चार माणसं येतात. त्यांच्यासमोर हे ठेवेल काय तुमची पोरगी? एवढं साधं येत नाय काय तिला?"

आणि बानं हात जोडले. माझ्या बानं. ज्याचा शब्द वाडीत फिरायचा नाय, त्यानं हात जोडले आणि म्हणला, "पोरीची चूक झाली. सांभाळून घ्या."

पोरीची चूक.

माझ्या अंगात जाळ झाला. मी पुढं झालो. मनात लय बोलायचं होतं. मामा, तुमच्या गुडघ्यांना काय, आमच्या चुलीला काय, असं सगळं एका रांगेत आलं होतं, नमनात येतं तसं. छाती भरून घेतली, तोंड उघडलं, आणि आवाज फाटला. शिमग्यातल्या बाईसारखा वर गेला आणि त्यातनं एवढंच निघालं,

"ते मी तापवत होतो!"

पोरगं हसलं. बिचाऱ्याला आवरलंच नाय. लक्ष्मणदादानं टॉवेल तोंडावर घेतला. मामांनी माझ्याकडं वरनं खाली बगितलं, चड्डीची भोकं, चिमटा, दात. "आणि हसतोस काय रे?" मी हसत नव्हतो. मी आयुष्यात एवढा कधीच चिडलो नव्हतो. पण तोंड हे असलं. जन्मभर लोकांना हसवलं, आणि ज्या एका दिवशी हसवायचं नव्हतं त्या दिवशी जमलं. "हा कोण?" मामांनी विचारलं. बा म्हणला, "पोरगा हाय. जरा असाच हाय."

तेवढ्यात आक्का मधी आली. ती दाराआड होती ती आली आणि मामांच्या समोर, पुरुषमाणसांच्या मधी, जमिनीवर मांडी घालून बसली. बघायला आलेल्या माणसांसमोर पोरगी अशी बसत नाय. मामांच्या पुढचं ताट तिनं आपल्या पुढं ओढलं. मामांनी काढलेला तुकडा बाजूला केला आणि ती कोर उचलून खायला लागली. कडाक, कडाक. बा म्हणला, "वच्छे, ऊठ." ती उठली नाय. मामा म्हणाले, "हे काय चाललंय?" ती तोंडातलं संपवून म्हणाली,

"माझ्या हातचं हाय. केलं तवा लोण्यावानी होतं. तुमच्या बहिणीला विचारा, दोनदा मागून घेतलंय तिनं. तुमी पाण्यात बसलात तवर हे चुलीवर बसलं. तुमाला नको तर नको, पण नाव ठेवू नका. ज्याला खायचं नाय त्यानं बगत बसावं."

आणि तिनं सगळं खाल्लं. सावकाश. घाई केली नाय. मधी एकदा पाणी प्याली. दातात अडकलं ते बोटानं काढलं. ती जेवढा वेळ खात होती तेवढा वेळ चार पुरुषमाणसं एका पोरीची वाट बघत बसली होती. मोठा झाल्यावर कधीतरी मला त्याचा आनंद झाला. तवा मी नुसता चिमटा धरून बगत होतो.

मामा उठले. "घर सगळं येडं हाय," एवढं म्हणाले आणि उतरायला लागले. पोरगा मागनं. जाताना पोरानं आक्काकडं एकदा वळून बगितलं, मी बगितलं ते. बा त्यांच्यामागं वाटेच्या वळणापर्यंत पळत गेला, अनवाणी, हात जोडलेले तसेच. वरनं बा लहान दिसत होता. मी अजून ते पुसू शकलो नाय. परत आला आणि मला म्हणला, "तुला एक काम दिलं होतं, करपू देऊ नको म्हणून." मारलं नाय. मारलं असतं तर बरं होतं.

घरात त्या दिवशी कोण जेवलं नाय. आक्कानं हिरवं पातळ सोडलं, घडी घालून आयच्या पेटीत ठेवलं आणि शेण काढायला गेली. काकीनं कुडावरनं तोंड काढलं, काकी काय बोलणार तेवढ्यात आक्का म्हणाली, "काकी, मामा येऊन गेले, धोंडस संपलं, आता वास येणार नाय, झोपा." काकी गेली.

मंग थोड्या दिवसांनी लक्ष्मणदादा एकटा आला. मला वाटलं शिव्या द्यायला आला. पण तो खूश होता. म्हणला, पोरगं अडून बसलंय. म्हणतंय, करीन तर हीच. मामा नको म्हणतात, आय रडते, पण पोरगं ऐकत नाय. शेवटी मामांनी तोड काढलीय. पोरीनं मामांच्या गावच्या घरी येऊन चार माणसांत त्यांच्या पाया पडायचं, चुकले म्हणायचं, आणि तिथं चुलीवर रांधून दाखवायचं. मंग ते हो म्हणतील. "मामा परवा येतील असं म्हणालेत, न्यायला," दादा म्हणला. "नायतर त्याच्या पुढच्या दिवशी. तुमी तयारी ठेवा."

बाचे डोळे चमकले. मी बगितले. तुटलेलं परत जमत होतं, एवढंच त्याला दिसलं. बाईमाणसाला पाया पडायला काय होतं, असं तो म्हणणार होता, ते त्याच्या ओठावर आलेलं मला दिसत होतं. आक्का खांबाला टेकून उभी. तिला कोण विचारत नव्हतं आणि ती पण विचारायची वाट बघत नव्हती, तिनं बाच्याकडं बगितलं नाय, दादाकडं बगितलं नाय, माझ्याकडं तर नायच. मला वाटलं आता परत कोणीतरी मला चिमटा देणार.

आय चुलीपाशी होती. ती उठली. हातात टोप होता, तो तिनं ठेवला, जोरात पण नाय, हळू पण नाय. पदराला हात पुसत पडवीच्या दारात आली. लग्न होऊन आल्यापास्नं पाव्हण्यांसमोर ती दारात अशी उभी राहिल्याचं मला आठवत नाय. म्हणाली,

"लक्ष्मण भाऊजी, मामांना सांगा, येऊ नका. आमच्याकडं आता कोणाचा वाटा ठेवलेला नाय."

दादा बाच्याकडं बगायला लागला. बा आयकडं बगायला लागला. आय दारातनं हलली नाय, आणि बा, ज्याचा शब्द फिरायचा नाय तो बा, काय बोलला नाय. दादानं चप्पल घातली.

आक्काचं लग्न पुढं झालं, महाडला, पाव चांगला भाजणाऱ्या एका माणसाशी. त्या माणसानं बघायच्या दिवशी दुसरं काय नाय, फक्त विचारलं होतं की तुला भूक लागली असेल, तू आधी खाल्लंस काय. ते सगळं चांगलं झालं, त्याच्यावर माझा काय राग नाय. माझा राग आयवर हाय, मनू, आणि ती आता नाय म्हणून तो जाण्यासारखा पण नाय. तिचं ते एवढं एकच वाक्य. पहिल्या दिवशी, पहिल्या संध्याकाळी, मी पहिला निखारा उचलायच्या आधी, ती ते का नाय बोलली?